दगड आहे तिथेच आहे

जीप माझ्याहून दोन वर्षांनी लहान.
खारा वारा खाऊन पत्र्याचा पापड झालाय,
पण इंजिन अजून पहिल्या सेल्फला बोलतं.
फक्त बसलीय.
पाटे सरळ झालेत
हापूसच्या पेट्या, खाडीवरचा बर्फ,
एकदा तर आख्खं होडीचं इंजिन वाहून.

आचऱ्याच्या तिठ्यावर पास्कू मेस्त्री
आधी चहा मागवतो, मग गाडीखाली शिरतो.
मलाही बोलावतो.
पाठीखाली गोणपाट, नाकाशी ग्रीस.
डिफरेन्शियलच्या गोळ्यावर एकच ओरखडा,
पुन्हा पुन्हा तिथेच, घासून चकचकीत.
"ह्यो खंयचो?"

मी लगेच सांगत नाही.
त्याच्या पोराने मोबाइलवर फोटो दाखवलेत:
चार इंच, सहा इंच,
कुठल्याशा वाळवंटातल्या गाड्या,
बगळ्याच्या पायांच्या.
खोटं कशाला बोलू, मलाही आवडल्या.
रामेश्वराच्या जत्रेत उभी केली असती
तर लोकांनी माना वर करून पाहिली असती.

पण चार इंच म्हणजे शाफ्टचा कोन चढणार,
महिन्याला एक क्रॉस जाणार,
ब्रेकचे पाइप तोकडे पडणार.
चार इंच म्हणजे शेवंतीला प्रत्येक पेटी
छातीऐवजी गळ्यापर्यंत उचलायची,
दिवसाला दीडशे.
हा गुणाकार मी दोनदा केला.
आणि आईचा उजवा गुडघा,
तो तर आत्ताच पायरीशी हुज्जत घालतो.

"खाली ठोकळे घालूया?" पोरगा म्हणाला.
पास्कूने त्याच्याकडे असं पाहिलं
जसं कुणी बांगड्याच्या तिखल्यात साखर मागितली.
मग माझ्याकडे वळला.
"आधी धोंडो सांग. मगे इंच सांगतंय."

सांगितला.
मुणग्यात, घराकडच्या पाणंदीत,
फणसाच्या वळणावर मधोमध वर आलेला जांभा.
छिन्नीचे दहा घाव पुरेत.
पण तो हद्दीचा.
अलीकडे मी, पलीकडे माझा चुलतभाऊ सख्याहरी,
आणि अकरा वर्षं देवगडच्या कोर्टात तारखा.
दगडाला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम आहे.
जिपेचं पोट लागतं, ते हुकमात धरत नाहीत.

पास्कू हसला नाही.
"माप घेवन ये. मोकळी गाडी नको, पेटये भरून."

उजाडताना पाणंदीत पालथा पडून
काथ्याच्या दोरीला गाठ मारली.
सख्याहरीचा कुत्रा गडग्यावर बसून
साक्षीदारासारखा बघत होता.

तीन दिवस गाडी घोड्यावर.
पाटे उतरवले, ठोकून ठोकून गोलाई दिली,
मागे एकेक पान वाढवलं, शॅकल नवे, शॉकप नवे.
दोन इंच.
दुरून बघणाऱ्याला काही कळू नये इतकेच.
शेवंतीने पहिली पेटी ठेवली, थांबली,
माझ्याकडे एकदा पाहिलं, दुसरी उचलली.

काळोख पडल्यावर पाणंदीत वळलो.
फणस आला. सवयीने दात आवळले.
काहीच वाजलं नाही.

गडग्यापलीकडे दार उघडलं,
बॅटरीचा उजेड धावत आला
आधी थेट दगडावर.
होता. जिथल्या तिथे होता.
अकरा वर्षं माझ्या त्या ठोक्यावर
तो जेवायला बसत असावा.

मग उजेड जिपेखाली गेला.
सख्याहरी गुडघ्यावर हात टेकून वाकला,
बराच वेळ तसाच.
इंजिन चालू, मी आत,
काच खाली करावी की नाही ह्या विचारात.

"किती उचललंस?"

"दोन."

"अडीच होये होते," तो म्हणाला.
"पावसात माती जाता. धोंडो वर येता."

बॅटरी विझली. दार लागलं.

अर्ध्या इंचाचे किती घेतो
ते उद्या पास्कूला विचारतो.